झोपेपुरतं बिझनेस: पुण्याहून लांबच्या प्रवासाचं तिकीट परवडेल असं कसं काढावं

बिझनेस क्लासच्या तिकिटात लाउंज, जास्तीचं सामान, रांगेत पुढचा नंबर, काचेच्या ग्लासातलं सरबत असं बरंच काही येतं. त्यातली खरी पैसे मोजण्याजोगी गोष्ट एकच: रात्री पाय लांब करून आडवं होता येणं. हे मनाशी पक्कं केलं की तिकीट स्वस्तात काढण्याचं निम्मं काम झालं, कारण मग प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याला बिझनेस लागत नाही. रात्र आहे आणि विमान लांब उडतंय, तेवढाच टप्पा महागाचा घ्यायचा. बाकीचा साधा चालतो.

आधी घड्याळ बघा, मग भाडं

मुंबईहून युरोपला थेट जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तिकडच्या सकाळी पोचतात. नऊ तासांच्या आसपासचा प्रवास, त्यात जेवण-नाश्ता वगळून सहा तास झोप सहज होते. परतीची बरीचशी विमानं मात्र तिकडून दुपारी निघून मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईत उतरतात. म्हणजे पलंगाचे पैसे भरायचे आणि दिवसाढवळ्या सिनेमे बघायचे.

आखातातून जाणाऱ्या विमानांचं गणित वेगळं. मुंबई ते दुबई, दोहा किंवा अबू धाबी हा टप्पा तीन-साडेतीन तासांचा. पहाटे चारला विमान सुटलं तर डोळा लागेपर्यंत उतरायची वेळ होते, आणि पुढचं सात तासांचं युरोपचं विमान दिवसा उडतं. रात्र मोडते ती मोडतेच. अमेरिकेला जायचं असेल तर हाच मार्ग बरा ठरतो, कारण आखातानंतरचा टप्पा तेरा ते सोळा तासांचा असतो आणि त्यात कधीही झोपलं तरी झोप पुरी होते.

आता हिशेब. समजा, मुंबई–फ्रँकफर्ट जाऊन-येऊन इकॉनॉमीचं भाडं ६५ हजार आणि बिझनेसचं २ लाख १५ हजार आहे. फरक दीड लाखाचा, झोपेची रात्र एकच. ती रात्र दीड लाखाला पडली. जाताना बिझनेस आणि येताना इकॉनॉमी असं तिकीट १ लाख ४५ हजारांना मिळालं, तर तीच रात्र ८० हजारांना पडते. हे आकडे फक्त रीत दाखवायला घेतले आहेत. तुमच्या तारखांचे खरे आकडे घालून हाच भागाकार करा. अमेरिकेच्या पंधरा-सोळा तासांच्या थेट विमानात दोन्ही बाजूंना झोप मिळते, त्यामुळे फरकाला दोनने भागायचं.

जाण्याचा वर्ग एक आणि येण्याचा दुसरा, असं तिकीट काही कंपन्यांच्या वेबसाइटवर सरळ निवडता येतं, काहींच्या नाही. जिथे येत नाही तिथे कंपनीच्या कॉल सेंटरला किंवा डेक्कन, कॅम्पातल्या एखाद्या जुन्या तिकीट एजंटला सांगावं. त्यांच्या संगणकप्रणालीवर दोन वेगळ्या वर्गांची अर्धी-अर्धी भाडी जोडता येतात.

अमेरिकेतल्या मुलांकडे सहा महिन्यांसाठी निघालेले सत्तरीतले आई-वडील असतील, तर मात्र नुसत्या भागाकारावर जाऊ नये. त्यांच्यासाठी थेट विमान किंवा एकच बदल, आणि निदान लांबच्या टप्प्याला पलंग, हा क्रम. व्हीलचेअरसाठी बिझनेसची गरज नाही. ती इकॉनॉमीतही फुकट मिळते, फक्त बुकिंगमध्ये आधी नोंदवावी लागते.

कुठून निघायचं

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी थेट जाणारी विमानं मोजकी आहेत, दुबई-बँकॉकसारखी, आणि सपाट होणारी सीट त्यांत नाही. तेव्हा लांबच्या प्रवासाला पुणेकरापुढे रस्ते तीन.

पहिला, रस्त्याने मुंबई. थेट विमानं आणि स्पर्धा दोन्ही मुंबईत जास्त, म्हणून भाडीही सहसा बरी. पण तारखेचा घोळ इथेच होतो. १५ तारखेला रात्री १ वाजून ५० मिनिटांचं विमान म्हणजे १४ तारखेला संध्याकाळी पुण्यातून निघायचं. १५च्या रात्री विमानतळावर हजर होणारे लोक दर मोसमात सापडतात, आणि चुकलेल्या विमानाचं स्वस्त बिझनेस तिकीट बहुधा बुडतंच. घरापासून मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलपर्यंत चार तास धरा, शुक्रवारी संध्याकाळी पाच, पावसाळ्यात त्याहून जास्त. खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की एक्स्प्रेसवेवर कुणाचंच काही चालत नाही. रात्री २च्या विमानाला संध्याकाळी ५-६ वाजता घर सोडणं ही घाबरट माणसाची सवय समजू नये. लाउंज त्यासाठीच आहे, तिथे जेवून विमानात चढल्या चढल्या झोपता येतं. डिसेंबर २०२५पासून पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं उडू लागली आहेत, तेव्हा तिकिटावर 'बीओएम' (मुंबई) आहे की 'एनएमआय' (नवी मुंबई) हे वाचून मगच गाडी सांगा.

दुसरा, लोहगावहून दिल्ली आणि तिथून पुढे, सगळं एकाच तिकिटावर. एअर इंडियावर हे सोपं पडतं. सामानाला पुण्यातच शेवटच्या गावाची पट्टी लागते, घाट चुकतो, आणि पुण्याच्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे हे होतंच, म्हणून त्या दिवसांत दोन विमानांत निदान चार तास ठेवा. पुणे–दिल्ली दोन तासांच्या टप्प्यात इकॉनॉमी असली तरी काही बिघडत नाही. कधी-कधी मात्र मुंबईपेक्षा पुण्याहून सुरू होणारं तिकीटच स्वस्त निघतं, म्हणून 'पीएनक्यू' (पुण्याचा कोड) टाकून बघितल्याशिवाय मुंबईचं काढू नका.

तिसरा, पुणे–दिल्ली किंवा पुणे–बंगळूर एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं, अशी सुटी तिकिटं. पैसे वाचतात, धोका वाढतो. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नसतो: तुम्ही आला नाहीत, तिकीट संपलं. अशा वेळी आदल्या दिवशी पोचून मुक्काम करावा, आणि त्या मुक्कामाचा खर्च धरून बचत उरते का ते पाहावं.

याच जातीची आणखी एक युक्ती म्हणजे शेजारच्या देशातून सुरू होणारं तिकीट. विमानाचं भाडं अंतरावर ठरत नाही, निघण्याच्या शहरात किती कंपन्या भांडताहेत आणि तिथला गिऱ्हाईक किती देऊ शकतो यावर ठरतं. त्यामुळे कोलंबोहून युरोप-अमेरिकेचं बिझनेस बरेचदा मुंबईपेक्षा स्वस्त असतं. पण तिथवर जायचं वेगळं तिकीट, श्रीलंकेची प्रवेश परवानगी, एका रात्रीचं हॉटेल आणि परत येताना पुन्हा कोलंबोत उतरणं हे सगळं त्यात धरावं लागतं. तिकीट कोलंबोचं असेल तर पहिला टप्पा सोडून मध्येच चढता येत नाही. पहिल्या टप्प्याला गैरहजर राहिलात की पुढचं सगळं आपोआप रद्द होतं. दोघांचे मिळून लाखभर वाचत नसतील, तर नवख्याने या फंदात पडू नये.

शोध कसा घ्यायचा

गूगल फ्लाइट्स उघडा, वर्ग 'बिझनेस' करा, आणि निघण्याच्या रकान्यात एकाच वेळी मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद टाका. पोचण्याच्या रकान्यातही एकच शहर टाकू नका. मुलगी म्युनिकला असेल तरी झुरिक, व्हिएन्ना, फ्रँकफर्ट, मिलान टाकून बघा. झुरिक किंवा व्हिएन्नाहून म्युनिक रेल्वेने चार तासांच्या आत-बाहेर आहे आणि सगळं शेंगेन व्हिसावर चालतं. मग तारखांचा तक्ता उघडा. चार-पाच दिवस मागेपुढे सरकल्यावर भाडं किती हलतं ते तिथे एका नजरेत दिसतं. पसंतीच्या दोन-तीन जोड्यांवर किमतीची सूचना लावून ठेवा आणि निदान तीन आठवडे नुसतं बघा. त्या मार्गाचं नेहमीचं भाडं काय आणि सूट कशाला म्हणायचं, हे त्याशिवाय कळत नाही. 'सेल'च्या जाहिरातीतलं भाडं बरेचदा गेल्या आठवड्यातलंच असतं.

निकालातली प्रत्येक ओळ उघडून टप्प्याटप्प्याचा वर्ग वाचा. 'बिझनेस' म्हणून दिसणाऱ्या तिकिटात नेमका लांबचा टप्पा इकॉनॉमीचा आणि तीन तासांचा टप्पा बिझनेसचा, असली मिश्र तिकिटं स्वस्तात वर येतात. आपल्याला याच्या बरोबर उलटं हवं आहे.

थेट विमान महाग आणि एक बदल असलेलं स्वस्त, याचं कारण सोपं आहे: कामासाठी जाणाऱ्याची कंपनी थेट विमानाचे पैसे देते, आणि बदल करायला लावणाऱ्या विमान कंपनीला गिऱ्हाईक भाड्यावरच ओढावं लागतं. म्हणून इथिओपियन, टर्किश, आखाती कंपन्या, श्रीलंकन अशांवर भाडी खाली दिसतात. अदिस अबाबामार्गे युरोप म्हणजे वळसा आहेच. तो घड्याळाच्या हिशेबात बसला तर घ्या.

मोसमाचं म्हणाल तर मेची सुट्टी, दिवाळी आणि नाताळ सोडा. जानेवारीअखेर ते मार्च आणि ऑगस्टअखेर ते दिवाळीच्या आधीपर्यंत भाडी सहसा मऊ असतात. या दुसऱ्या टप्प्यात पितृपक्षही येतो. त्या पंधरवड्यात खरेदी न करणाऱ्यांनी तिकीट आधी काढून ठेवावं, विमान कंपन्या थांबत नाहीत. तीन ते सहा महिने आधी शोध सुरू करणं पुरतं.

एक गोष्ट चौघांचं कुटुंब असलेल्यांना ठाऊक नसते. प्रत्येक विमानात बिझनेसच्या जागा भाड्यांच्या पायऱ्यांत वाटलेल्या असतात आणि प्रत्येक पायरीला इंग्रजी अक्षर असतं. बऱ्याच कंपन्यांत 'जे' सर्वात महाग, मग 'सी', 'डी', आणि 'झेड', 'आय' किंवा 'पी' ही सवलतीची. स्वस्त पायरीत दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार जणांसाठी शोधलंत, तर संगणक चौघांनाही वरच्या पायरीचं भाडं लावतो. म्हणून आधी एकासाठी, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी शोधा. एकट्याचं भाडं कमी दिसलं तर दोन-दोनची वेगळी बुकिंग करा आणि नंतर कंपनीला फोन करून ती एकमेकांना जोडायला सांगा.

सवलतीच्या अक्षरांना नियम चिकटलेले असतात: इतके दिवस आधी काढलं पाहिजे, तिकडे निदान इतके दिवस किंवा एक शनिवारची रात्र राहिलं पाहिजे, इतक्या महिन्यांत परतलं पाहिजे, रद्द केलं तर इतके कापणार. आई-वडील सहा महिन्यांसाठी जात असतील तर 'जास्तीत जास्त मुक्काम' ही ओळ वाचाच. तीन महिन्यांच्या मर्यादेचं स्वस्त तिकीट घेऊन नंतर परतीची तारीख बदलायला गेलात, तर वाचवलेले पैसे व्याजासकट जातात. आखाती कंपन्यांची सर्वात खालची बिझनेस भाडीही तपासून घ्या. काहींत लाउंज नसतं, काहींत आगाऊ सीट निवडता येत नाही.

सीट: १-२-१ म्हणजे काय

'बिझनेस' या शब्दाखाली चार प्रकारची खुर्ची विकली जाते. नुसती मागे कलणारी, तिरकी सपाट होणारी, पूर्ण सपाट पण शेजाऱ्याला ओलांडून बाहेर पडावं लागेल अशी, आणि पूर्ण सपाट व प्रत्येकाला वाट असलेली. शेवटचा प्रकार हवा. रांगेची रचना १-२-१ (एका खिडकीशी एक जागा, मध्ये दोन, दुसऱ्या खिडकीशी एक आणि त्यांच्यामध्ये वाटा) लिहिलेली असेल तर तो मिळतो. २-२-२ जोडप्याला चालतं, एकट्याला खिडकीची जागा घेतली तर रात्री शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. २-३-२ मध्ये मधली जागा नशिबी आली तर बिझनेसचे पैसे देऊन इकॉनॉमीचं दुःख.

विमानाच्या प्रकारानुसार एकाच कंपनीत दोन्ही टोकं सापडतात. एमिरेट्सच्या ए-३८० मध्ये १-२-१ आहे, तर त्यांच्या जुन्या, नूतनीकरण न झालेल्या ७७७ मध्ये २-३-२. टर्किशच्या ए-३५० आणि ७८७-९ मध्ये १-२-१, ७७७ मध्ये २-३-२. एअर इंडियाच्या ए-३५० आणि विलीन झालेल्या विस्ताराकडून आलेल्या ७८७-९ मध्ये १-२-१, जुन्या ७८७-८ मध्ये २-२-२. इंडिगोची 'स्ट्रेच' ही मागे कलणारी रुंद खुर्ची आहे, तिचा पलंग होत नाही. दुबई-दोहापर्यंतच्या छोट्या विमानांतही बरेचदा अशीच खुर्ची असते, पण तीन तासांसाठी त्याची खंत करू नये.

विमानाचा प्रकार गूगल फ्लाइट्सच्या तपशिलात दिसतो. तो एरोलोपा या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाखाली शोधा, तिथे प्रत्येक विमानाचा बारीक नकाशा आहे. स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहाला लागून असलेल्या जागा टाळा, रात्रभर उजेड आणि भांड्यांचे आवाज येतात. पाळण्याची सोय असलेल्या पहिल्या रांगेत तान्ही बाळं असतात. बुकिंगनंतर विमान बदलू शकतं, त्यामुळे पंधरा दिवसांनी एकदा बुकिंग उघडून सीटचा नकाशा तोच आहे ना ते बघत राहा.

पॉइंट्सने तिकीट

याविषयी इंटरनेटवर फार गुलाबी लिहिलं जातं. क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सने बिझनेस मिळतं हे खरं, पण ज्यांचा खर्च तसाही कार्डावर होतो आणि बिल दरमहा पूर्ण भरलं जातं त्यांनाच. थकबाकीवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. एक महिना चुकला की पॉइंट्सची सगळी कमाई त्यात जाते.

रीत अशी. काही बँकांच्या कार्डांचे पॉइंट्स विमान कंपन्यांच्या मैलांत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पॉइंट्समध्ये, बदलता येतात. तुमच्या कार्डाची भागीदार यादी आणि बदलाचं प्रमाण बँकेच्या साइटवर आजच्या तारखेला वाचा, कारण बँका दोन्ही बदलत राहतात आणि वर्षाला कमाल मर्यादाही घालतात. यादीत कोणती कंपनी आहे यापेक्षा ती कोणत्या गटात आहे हे महत्त्वाचं. सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर मैल किंवा एअर कॅनडाचे एरोप्लॅन पॉइंट्स असतील तर लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, एअर इंडिया अशा स्टार अलायन्स या गटातल्या कंपन्यांच्या विमानांत जागा मागता येते. कतार आणि ब्रिटिश एअरवेज दोघांचंही चलन एव्हिऑस आहे आणि ते एका खात्यातून दुसऱ्यात हलवता येतं. एअर फ्रान्स-केएलएमचं फ्लाइंग ब्लू दर महिन्याला काही मार्गांवर मैलांत सवलत जाहीर करतं. सिंगापूरचंही तसंच एक मासिक सवलतीचं पान असतं.

पॉइंट्स आधी हलवू नका. आधी जागा शोधा, ती कंपनीच्या स्वतःच्या साइटवर शेवटच्या पानापर्यंत नेऊन कर किती येतो ते पाहा, आणि मगच हलवा. कार्डातून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत. हलवायला कधी काही मिनिटं लागतात, कधी काही दिवस, तेवढ्यात जागा जाऊ शकते. भागीदार कंपनीच्या साइटवर दिसणारी जागा कधी नुसती भासमान असते: यादीत दिसते, बुक करताना चूक दाखवते. तीच जागा त्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या साइटवरही दिसते का हे पडताळलं की हा त्रास बराच टळतो. मैलांनाही मुदत असते. क्रिसफ्लायरचे तीन वर्षांत संपतात, तेव्हा 'कधीतरी जाऊ' म्हणून साठवायला पॉइंट्स कार्डावरच बरे.

फायदा मोजायचं सूत्र: रोख भाड्यातून मैलांच्या तिकिटावर लागणारा कर वजा करा आणि मैलांनी भागा. समजा, एकेरी रोख भाडं १ लाख ६० हजार, मैल ८० हजार आणि कर २० हजार. तर मैलाला १ रुपया ७५ पैसे मिळाले. ऐकायला छान वाटतं, पण यात एक गफलत आहे. बिझनेसचं एकेरी रोख भाडं मुळातच फुगवलेलं असतं, ते कुणी शहाणा माणूस देत नाही. परतीच्या तिकिटाचं अर्धं भाडं धरा. ते १ लाख असेल तर मैलाला रुपयाच मिळाला. तोही वाईट नाही, पण निर्णय या दुसऱ्या आकड्यावर करा.

कराचा आकडा हाच इथला काटा आहे. ब्रिटिश एअरवेज आणि लुफ्तान्सासारख्या कंपन्या मैलांच्या तिकिटावरही कंपनीचा अधिभार लावतात आणि तो हजारोंच्या घरात जातो. एरोप्लॅन हा अधिभार घेत नाही. भागीदाराच्या विमानाला ३९ कॅनेडियन डॉलर शुल्क घेतं आणि ५ हजार जादा पॉइंट्समध्ये वाटेत मुक्काम करू देतं. लंडनहून निघताना ब्रिटनचा सरकारी प्रवासी कर वेगळा. मुंबईच्या अंतराला तो बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला वर्ग) दोन्हींत माणशी २०० पौंडांच्या वर आहे, तिकीट रोखीचं असो की मैलांचं. म्हणून लंडनला उतरावं आणि परतीचं विमान शक्य तर ऍमस्टरडॅमहून धरावं. मैलांची एकेरी तिकिटं सहसा दुहेरीच्या निम्म्या मैलांत मिळतात, त्यामुळे रात्रीचं जाणं मैलांनी आणि दिवसाचं येणं रोख इकॉनॉमीने, हा मेळ चांगला बसतो. फक्त परतीचं एकेरी रोख भाडं महाग नाही ना हे आधी बघा.

मैलांच्या जागा साधारण अकरा-बारा महिने आधी खुल्या होतात, आणि न विकलेल्या जागा निघण्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत पुन्हा सुटतात. मधल्या काळात चार जागा एकत्र मिळण्याची आशा धरू नका, दोन मिळाल्या तरी पुष्कळ. दोन वर्षांखालच्या बाळाचं तिकीट काही कंपन्या रोख बिझनेस भाड्याच्या दहा टक्क्यांनी लावतात. मैलांच्या तिकिटावर हे विचारून घ्या.

अपग्रेडची बोली

इकॉनॉमी किंवा प्रीमियम इकॉनॉमीचं तिकीट काढलं की बऱ्याच कंपन्या बिझनेसच्या जागेसाठी किती जादा देता, अशी बोली लावायचं ईमेल पाठवतात. बोली प्रत्येक टप्प्याला वेगळी लागते, म्हणून लांबच्या रात्रीच्या टप्प्याला लावा, तीन तासांचा सोडून द्या. इकॉनॉमीचं भाडं अधिक बोली ही बेरीज सेलमधल्या बिझनेसच्या पुढे जात असेल तर बोलीत अर्थ नाही. निकाल बहुधा निघण्याच्या एक-दोन दिवस आधी कळतो, पैसे मंजूर झाल्यावरच कापले जातात, आणि नंतर मन बदललं तरी परत मिळत नाहीत. सामानाची मर्यादा व मिळणारे मैल बरेचदा मूळ तिकिटाचेच राहतात. ज्यांना पलंग हवाच आहे त्यांनी बोलीवर विसंबू नये. आणि कोट घालून काउंटरवर गोड बोललं की फुकट अपग्रेड मिळतं, ही दंतकथा आहे. विमान जास्त भरलं तर यादी संगणक लावतो आणि वर नावं कंपनीच्या नियमित सदस्यांची असतात.

पैसे भरताना

२२ सप्टेंबर २०२५पासून बिझनेसच्या तिकिटावर जीएसटी १८ टक्के आहे, इकॉनॉमीवर ५. तुलना करताना करासकटचा शेवटचा आकडाच घ्या. भोसरी-चाकणच्या ज्या उद्योजकांचा प्रवास धंद्यासाठी आहे, त्यांनी बुकिंग करतानाच कंपनीचा जीएसटी क्रमांक भरावा, म्हणजे या कराचं क्रेडिट घेता येतं. मागाहून तो तिकिटावर चढवून घेणं डोकेदुखी आहे.

परकीय चलनात पैसे जात असतील तर कार्डावर दोन ते साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो. कोलंबोच्या युक्तीत हा खर्च लोक धरत नाहीत.

बुकिंग शक्यतो विमान कंपनीच्या साइटवरच करा. बुकिंग अ‍ॅपवर दोन-तीन हजार कमी दिसतील, पण वेळ बदलली किंवा विमान रद्द झालं की कंपनी म्हणते अ‍ॅपला विचारा आणि अ‍ॅप म्हणतं कंपनीला विचारा. दोन लाखांच्या तिकिटावर हा खेळ परवडत नाही. चांगल्या स्थानिक एजंटचं तसं नाही. तो बरेचदा मुदतीपर्यंत जागा धरून ठेवू शकतो, आणि व्हिसाची तारीख अडकलेली असताना ते फार उपयोगी पडतं. व्हिसा हातात नसेल तर परतावा न मिळणारं भाडं घेऊ नका. वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का हेही पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा. सुटी तिकिटं असतील आणि सामान काढून पुन्हा द्यायचं असेल, तर त्या देशात प्रवेश करावा लागतो, मग नुसता ट्रान्झिट पुरत नाही.

नाव पासपोर्टवर आहे तसं, अक्षरन्‌अक्षर. आपल्याकडे 'गिव्हन नेम'च्या ओळीत स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, तेही तिकिटावर यायला हवं. लग्नानंतर आडनाव बदललं पण पासपोर्ट जुना असेल, तर तिकीट जुन्याच नावाने. आडनावाची ओळ कोरी असेल तर कंपनीला फोन करून विचारा, प्रत्येकीची पद्धत वेगळी आहे.

तिकीट हातात आल्यावर

सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. तेरा आकडी तिकीट क्रमांक आला पाहिजे. त्याचे पहिले तीन आकडे कंपनी सांगतात: ०९८ एअर इंडिया, १७६ एमिरेट्स, १५७ कतार, २२० लुफ्तान्सा. पैसे गेले आणि दिवसभरात हा क्रमांक आला नाही, तर लगेच फोन करा.

त्यानंतर सीट निवडा आणि जेवण नोंदवा. शाकाहारीसाठी एव्हीएमएल, जैन जेवणासाठी व्हीजेएमएल, उपवासाच्या दिवशी फळांसाठी एफपीएमएल. बिझनेसमध्येही हे निदान दोन दिवस आधी सांगावं लागतं. सामानाची मर्यादा तिकिटावर वाचा: एमिरेट्स, कतारला सहसा माणशी ४० किलो, अमेरिकेच्या मार्गावर बहुधा ३२ किलोच्या दोन बॅगा. एक बॅग ३२च्या वर गेली तर काउंटरवर ती उघडून लोणच्याची बरणी बाहेर काढावी लागते, वर्ग कोणताही असो.

वेळापत्रक बदलल्याचं ईमेल आलं तर घाईने 'मान्य' दाबू नका. मोठा बदल असेल तर कंपनी बरेचदा तारीख किंवा विमान फुकट बदलून देते. मान्य केल्यावर तो हक्क जातो. अशा वेळी सोयीचं थेट विमान आधीच शोधून ठेवावं आणि फोनवर त्याचा क्रमांकच सांगावा.

प्रवास झाल्यावर बोर्डिंग पास टाकून देऊ नका. सदस्य क्रमांक दिलेला असूनही मैल जमा झाले नाहीत तर दावा करताना तो मागतात, आणि दाव्याची मुदत बऱ्याच कंपन्यांत सहाच महिने असते.